ग्रामसभेत आपला विषय ठरावापर्यंत कसा न्यावा

आठवड्यातून दोनदाच येणारं पाणी, बंद पडलेले दिवे, तुंबलेलं गटार यांवर पारावर रोज बोलणं होतं. तेच बोलणं ग्रामसभेत झालं आणि कागदावर उतरलं, तर ग्रामपंचायतीला त्याचं उत्तर द्यावं लागतं. गावच्या मतदार यादीत नाव असलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. त्यासाठी दुसरं काही लागत नाही.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, पण तिची वाट पाहू नका. त्याआधीच आपला विषय सभेत घ्यावा असा अर्ज सरपंचांच्या नावे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. एका अर्जात एकच विषय लिहा. ‘पाण्याची समस्या सोडवावी’ असं मोघम नको. ‘मारुती मंदिरामागच्या आळीत दिवसाआड वीसच मिनिटं पाणी येतं, तिथला व्हॉल्व्ह बदलावा’ असं लिहा.

मग शेजारीपाजारी फिरा. गणपूर्तीला, म्हणजे सभेच्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा होते. पाण्याचा, शौचालयाचा विषय तिथेही मांडला जाऊ द्या, कारण ही झळ रोज बायकांनाच बसते.

सभेत कळकळीने बोलून, चहा पिऊन माणसं घरी जातात आणि इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, एवढंच उरतं: ‘सविस्तर चर्चा झाली’. हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटतो. म्हणून ठरावाचे शब्द तिथल्या तिथे लिहून घ्यायला लावा. काम कोणतं, कधीपर्यंत, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे मोठ्याने वाचून घ्या. कोऱ्या पानावर सही करू नका.

खर्चाचं काम असेल तर ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायचा आग्रह धरा. आराखड्यात नसलेल्या कामाला पैसा मिळणं फार अवघड.

चार-आठ दिवसांनी ठरावाची नक्कल मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस असते. पुढच्या सभेत सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचलं जातं, तेव्हा ती नक्कल हातात ठेवून पहिल्या रांगेत बसा.