सामाजिक मानसशास्त्राची उत्तरं लिहाल कशी

माझ्याकडे इंदूरची बी.ए.ची मुलं येतात. व्याख्या पाठ करायला मी साफ मनाई करते. आधी प्रयोग समजून घ्या, मग आकडा, व्याख्या सगळ्यात शेवटी.

अनुरूपतेपासून, म्हणजे गटाच्या दबावाने आपलं मत बदलण्यापासून, सुरुवात करा. हिवाळ्यात मित्रांबरोबर सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलात. मन गराडूवर (तळलेल्या कंदावर), पण तिघांनी भुट्ट्याचा कीस म्हटलं की तुम्हीही कीसच मागता. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात हेच रेघांवर तपासलं. नमुन्याएवढी रेघ कोणती ते डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी आधीच पढवून बसवलेली माणसं एकसुरात चुकीचं बोलली, आणि सुमारे ७५ टक्के लोकांनी एकदा तरी त्यांचीच री ओढली. पुढचं वाक्य मुलं हमखास गाळतात: गटातला एक जण जरी खरं बोलला, तरी दबाव झपाट्याने उतरतो. गुण तिथे आहेत बाळांनो!

बघ्यांच्या परिणामासाठी (बघे जास्त, तितकी मदत कमी) डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग, १९६८. इंटरकॉमवर कुणाला तरी फिटचा झटका आल्याचा आवाज. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका संपण्याआधी मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. न्यूयॉर्कच्या किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून '३८ साक्षीदार' गप्प बघत राहिले, असं मात्र लिहू नका, ती बातमी फुगवलेली होती.

गुणारोपण दोषाला, म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याचं कारण परिस्थितीत न बघता स्वभावात शोधण्याला, दोन ओळी पुरतात. इंदूरच्या पलासिया चौकात सिग्नल तोडणारा आपल्याला सरळ 'बेशिस्त' वाटतो. त्याच्या मागे दवाखान्याची घाई असेल, हे सुचत नाही.