आठ तास झोपूनही अंग जड? या चुका टाळा

रात्री दहाला पडलात, सकाळी सहाला उठलात, तरी अकरा वाजता डोळे मिटायला लागतात. मग रविवारी दहापर्यंत लोळून पाहिलं जातं (त्याने रविवारची रात्र बिघडते आणि सोमवार आणखी जड जातो), नाहीतर दुकानातून टॉनिकची बाटली येते. त्याआधी दोनच गोष्टी शोधायच्या असतात: रात्री झोप मध्येच तुटते का, आणि रक्तात काही कमी आहे का.

कूलर सुरू, खिडक्या बंद

नागपूरच्या उन्हाळ्यातली ही घरोघरची चूक. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो, त्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. खोली बंद असली की ती दमट होते आणि घाम वाळत नाही. गाढ झोपेसाठी शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. ते उतरलं नाही की माणूस रात्रभर कुशी बदलतो, आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. कूलरसमोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. पाऊस लागला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा, कारण तेव्हा बाहेरचीच हवा ओली असते.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज

घरच्यांनी कान देऊन ऐकावं. घोरणं सुरू आहे, मग एकदम शांतता, दहा सेकंद किंवा जास्त, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. घशाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो. हे रात्रीत शेकडो वेळा होऊ शकतं. सकाळी तोंड कोरडं, डोकं दुखणं, रात्री लघवीला वारंवार उठणं, औषध घेऊनही न उतरणारा रक्तदाब, या खुणा. मोबाइलवर अर्धा तास आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा. निदान स्लीप स्टडीने, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीने होतं. तोवर कुशीवर झोपा, दारू टाळा, आणि डुलकी येत असेल तर गाडी चालवूच नका.

न तपासता लोहाच्या गोळ्या

हिमोग्लोबिन बायकांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली असेल, तर तो अॅनिमिया. पण तो कशामुळे, हे आधी पाहावं लागतं. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे लाल पेशींच्या एका आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या लाल पेशी लवकर फुटतात म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. लोह कमी असेलच असं नाही, वरून गोळ्या घेतल्या तर ते शरीरात साठू शकतं. म्हणून सीबीसीसोबत (रक्तपेशींची मोजणी) फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करा, आणि घरात कुणाला सिकलसेल असेल तर स्वतःची सिकलसेलचीही तपासणी.

लोह खरंच कमी निघालं, तर चहाकडे बघा. चण्याची तर्री घातलेले पोहे आणि लगेच कटिंग, ही आपली सवय. चहातलं टॅनिन त्याच जेवणातलं लोह धरून ठेवतं. तासभर थांबा, त्या जागी संत्रं खा, सी जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. दुपारी चारनंतरचा चहाही सोडून पाहा. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास घेतं.

बी-१२ चं इंजेक्शन आधी, रक्त नंतर

इंजेक्शन घेतल्यावर रिपोर्ट चांगलाच येतो आणि कमतरता होती की नव्हती हे कळतच नाही. शाकाहारी माणसं आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणारे यांनी पायाला मुंग्या येत असतील तर आधी रक्त तपासायला द्यावं. त्याच नमुन्यात टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखरही करून घ्या.

रिपोर्ट सगळे नीट आहेत, पण सकाळी उठावंसंच वाटत नाही, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. थकव्याबरोबर जिना चढताना दम लागत असेल किंवा वजन आपोआप घटत असेल, तर लगेच दाखवा. छातीत दुखत असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.