मासे ठणठणीत, पण श्रिम्प आणि गोगलगायी मरतात? या चुका टाळा

नव्या मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमध्ये क्लाउनफिश मजेत फिरतोय, अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहे, पण क्लीनर श्रिम्प (कोळंबीची एक जात) मात्र दुसऱ्याच दिवशी आडवी. मासे ठीक म्हणजे पाणी ठीक असं समजून लगेच दुसरी श्रिम्प आणू नका. मासा सहज पचवतो एवढ्या विषानेही ती मरते.

आधी ती खरंच मेली का, ते बघा. डोकं आणि धड यांच्या सांध्यात उकललेलं, आतून पोकळ, पारदर्शक कवच म्हणजे टाकलेली कात. श्रिम्प खडकामागे लपलेली असेल. मेलेली श्रिम्प पांढरट-गुलाबी होते आणि वास मारते.

पहिला संशय तांब्यावर घ्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर माशांना लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम तांबं देतात. मासे ते सोसतात, श्रिम्प आणि गोगलगायी सोसत नाहीत. जुन्या टँकमधले खडक आणि वाळू हे तांबं शोषून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. औषध वापरलेल्या टँकमधलं हे सामान स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे: घरचा आरओ. हल्ली बऱ्याच मशिनमध्ये तांबं मिसळणारी कार्ट्रिज असते, आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) अॅडजस्टर थोडं कच्चं पाणीही सोडतो. पाणी मेम्ब्रेनमधून बाहेर पडल्यावर लगेच घ्या, त्याला डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) जोडा आणि टीडीएस मीटरवर 0 दिसल्याशिवाय मीठ घालू नका. तांब्याची कळशी आणि ब्रासचं फिटिंगही नको. तांबं मोजायच्या साध्या किटवर शून्य दिसलं तरी तांबं नाहीच असं धरू नका. थोडंसं असेल तर ते किटला कळत नाही. पॉलीफिल्टरचा (तांबं शोषणाऱ्या फिल्टर पॅडचा) तुकडा पाण्याच्या प्रवाहात ठेवा. तो निळा पडला तर उत्तर मिळालं. मग दर दोन-तीन दिवसांनी पाव पाणी बदला, सोबत नवं कार्बन लावा.

दुसरं कारण क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा. रीफ (प्रवाळांचा) टँक 1.025-1.026 विशिष्ट गुरुत्वावर चालतो, पण दुकानदार बऱ्याचदा 1.020च्या आसपास ठेवतात. पिशवीतलं पाणी आधी मोजा. एअरलाइनला (हवेच्या बारीक नळीला) गाठ मारून तिच्यातून टँकचं पाणी श्रिम्पच्या पाण्यात सेकंदाला दोन-तीन थेंब सोडा आणि घड्याळ बघून नव्हे, तर दोन्ही पाण्यांची मापं जुळल्यावरच थांबा. काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडा चिकटला तर आकडा जास्त दिसतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या आणि तो 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) द्रावणावर जुळवा. मे महिन्यात पंखा लावलेल्या 100 लिटरच्या टँकमधून 5 लिटर उडालं, की 35ची क्षारता जवळपास 37 होते. ही भर गोड्या आरओ-डीआय पाण्याने रोज घाला.

डास मारणारं लिक्विड मशिन टँकच्या खोलीत लावूच नका. त्यातलं ट्रान्सफ्लुथ्रिन कीटकांसाठी असलं तरी श्रिम्प आणि खेकडे त्यांचेच नातलग, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो. पेस्ट कंट्रोल किंवा फॉगिंग असेल तेव्हा एअर पंप आणि स्किमर (हवेच्या फेसाने घाण काढणारं यंत्र) बंद, टँकवर झाकण. वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) मात्र चालू ठेवा.

शेवाळ उगवण्याआधी आणलेली टर्बो गोगलगाय उपाशी मरते. काचेवर तपकिरी थर दिसेपर्यंत तिला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा द्या. हलत नसेल तर उचलून वास घ्या. मेलेली असेल तर रात्रभर आत ठेवू नका, छोट्या टँकमध्ये तेवढ्यानेही अमोनिया चढतो.