जुने काडतूस ओळखताना या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी मला कोणीतरी एक धूसर फोटो पाठवून विचारतो, की हे प्रायोगिक काडतूस असावे का. बहुतेक वेळा ते दुसऱ्या महायुद्धातले .३०३, म्हणजे आपल्या परिचयाचे ‘थ्री नॉट थ्री’ निघते. खरोखर प्रायोगिक काडतुसे असतात, पण त्या निष्कर्षापर्यंत पोहोचण्याआधी साध्या शक्यता संपवाव्या लागतात, आणि नवशिक्यांना नेमका तेवढाच धीर नसतो.

सर्वप्रथम, वस्तू जिवंत आहे की निकामी, हे आपण अंदाजाने ठरवू नये. प्रायमरवर, म्हणजे बुडातील ठिणगी देणाऱ्या टोपीवर, खळगा दिसला म्हणजे बार उडाला असे नव्हे. बंदुकीची पिन आदळूनही न उडालेली काडतुसे पुष्कळ सापडतात. बुडाला छिद्र दिसले म्हणून ते नकली ठरवणेही चूक आहे. १९६० च्या दशकातील अमेरिकी गायरोजेट हे १३ मिलिमीटरचे प्रक्षेपक म्हणजे वस्तुतः छोटे रॉकेट होते आणि त्याच्या बुडाला वायू बाहेर पडण्यासाठी तिरकस छिद्रे मुद्दाम ठेवलेली असत. गोळी उपसून आत डोकावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त पत्रव्यवहार थांबवतो. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे, त्यामुळे ते जिथे सापडले तिथेच ठेवून पोलिस ठाण्यात कळवावे. ओळख पटवण्याचे काम फोटोवरूनही होते.

आता माझ्या सर्वांत मोठ्या तक्रारीकडे वळतो. काडतूस घासू नये. सातारा जिल्ह्यातील एका माजी सैनिकाच्या नातवाने आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या .३०३ काडतुसाचा फोटो मला पाठवला होता. बुडावरचा शिक्का अगदी नेहमीचा होता, परंतु प्रायमरभोवतीच्या कड्यात नेहमीच्या जांभळ्याऐवजी दुसराच कोणतातरी रंग असल्याचा भास होत होता आणि गोळीच्या अंगावर काळ्या शाईने हाताने घातलेली बारीक खूण होती. कारखान्यात चाचणीसाठी नेहमीच्याच पुंगळ्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळ्या, वापरल्या जातात, आणि मग त्यांचे वेगळेपण सांगणारी गोष्ट अनेकदा अशी शाई किंवा रंगाचा पट्टा एवढीच असते. मी त्याला पोलिसांना कळवण्यास सांगितले आणि त्याआधी, हात न लावता, उजेडात आणखी एक फोटो काढण्याची विनंती केली. दुसरा फोटो आला तेव्हा काडतूस देव्हाऱ्यातल्या समईसारखे लखलखत होते. “काका, नीट दिसावे म्हणून आईने चिंच-मीठ लावून घासून दिले,” असे त्याने मोठ्या उत्साहाने लिहिले होते. रंग गेला होता, शाईही गेली होती. पहिल्या फोटोतील तो भास खरा होता की उजेडाचा खेळ, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. मी स्वतः धूळसुद्धा कोरड्या मऊ कुंचल्यानेच झटकतो, आणि तीही फक्त रिकाम्या पुंगळीवरची.

रंग शाबूत असला, तरी एका देशाची रंगसंहिता दुसऱ्या देशाच्या काडतुसाला लावू नये. अमेरिकी ५.५६ मिलिमीटरच्या एम८५५ गोळीचे हिरवे टोक आत पोलादी गाभा असल्याचे सांगते, सोव्हिएत काडतुसावरचे हिरवे टोक ट्रेसरचे, म्हणजे जाताना उजेडाचा माग सोडणाऱ्या गोळीचे असते, आणि ब्रिटिश .३०३ च्या प्रायमरभोवतीचे हिरवे कडे चिलखतभेदी गोळीचे असते.

बुडावरील शिक्क्याबाबत दोन टोकाच्या चुका होतात. काहीजण त्यातील प्रत्येक अनोळखी अक्षरात रहस्य शोधतात. ‘के एफ’ ही परदेशी अक्षरे नसून आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची आहेत. १८६९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा इंग्रज त्या गावाला ‘किर्की’ म्हणत. .३०३ वर सातच्या आकड्यापुढे झेड दिसला, तर आत कॉर्डाइट या जुन्या दारूऐवजी नायट्रोसेल्युलोज दारू आहे, एवढाच त्याचा अर्थ. १९५२ ते १९५६ या वर्षांत सोव्हिएत कारखान्यांनी सालाच्या आकड्याऐवजी रशियन अक्षर छापले, त्यामुळे तेही गूढ नाही. दुसरे टोक म्हणजे शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे. .३०० ब्लॅकआउट या काडतुसाची पुंगळी अनेकजण .२२३ ची पुंगळी ३५ मिलिमीटरपर्यंत कापून बनवतात, आणि बुडावर .२२३ तसेच राहते. शिक्काच नसेल, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अमेरिकी लष्कराच्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये बनलेल्या १८७७ पूर्वीच्या .४५-७० काडतुसांवर शिक्का नसे, आणि त्यांचा प्रायमर आत दडलेला असल्याने ती हमखास रिमफायर, म्हणजे ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेली, समजली जातात. बुडाच्या जरा वर पुंगळी दाबल्याच्या दोन खुणा दिसल्या, की उलगडा होतो.

मोजमापाच्या बाबतीत मी उपदेश करतो, पण माझाही एकदा पचका झालेला आहे. एका संग्रहालयाच्या कोठारात मला एक कडवाली रिकामी पुंगळी मिळाली. कडेचा व्यास १३.७ मिलिमीटर आणि लांबी ५६.४ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही मापे .३०३ ची होती. परंतु खांदा, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तो भाग, एक मिलिमीटरहून अधिक पुढे सरकलेला होता. शिक्का झिजलेला होता आणि मी पंधरा दिवस ब्रिटिशांच्या कोणत्यातरी अज्ञात चाचणीच्या मागे धावलो. शेवटी एका निवृत्त आर्मररने, म्हणजे लष्करी शस्त्रदुरुस्ती कारागिराने, पुंगळी हातात घेतली, तिच्या तोंडात पाहिले आणि म्हणाले, “अहो, ही उडालेली आहे.” .३०३ चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीत, टेकते ते कडेवर, खांद्यावर नव्हे, त्यामुळे चेंबरचा खांदा सैल असला तरी रायफल चालते. चिखलातही काडतूस अडकू नये म्हणून .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफलीची चेंबरे ऐसपैस ठेवलेली असत, आणि बार उडताच पितळ फुगून त्या आकाराचे होते. मी पुंगळीचे नव्हे, तर त्या रायफलीच्या चेंबरचे माप घेत बसलो होतो. तेव्हापासून पुंगळी उडालेली असल्यास मी कड, कडेची जाडी आणि एकूण लांबी यांवर भर देतो आणि खांद्याची साक्ष सर्वांत शेवटी काढतो.

काडतुसाचे नाव म्हणजे त्याचे माप नव्हे. .३०३ ची गोळी मोजली तर सुमारे ७.९ मिलिमीटर भरते, आणि उतावळा माणूस लगेच ७.९२ मिलिमीटर माउझर असे जाहीर करतो. माउझरच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात ८.२ मिलिमीटरच्या आसपास असतो; शिवाय तिची पुंगळी बाहेर आलेल्या कडेची नसून खाचेची असते, जे कॅलिपर न काढताही दिसते.

उलट दिशेनेही घाई नडते. ५.५६×३० मिलिमीटरची पुंगळी पाहून एका जाणकाराने ती ५.५६×४५ ची कापलेली पुंगळी म्हणून बाजूला टाकलेली मी पाहिली आहे. पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेल्या कार्बाइनसाठीचे हे स्वतंत्र काडतूस आहे.

फोटो पाठवताना बुडाचा एक आणि बाजूचा एक असे दोनच पाठवावेत. बुडाच्या फोटोसाठी टॉर्च तिरका धरावा, म्हणजे झिजलेली अक्षरे सावलीने उठून दिसतात. बाजूच्या फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवावी. तुलनेसाठी एक रुपयाचे नाणे ठेवू नये, कारण जुने नाणे २५ मिलिमीटरचे, २०११ च्या मालिकेतले सुमारे २२ आणि २०१९ च्या मालिकेतले २० मिलिमीटरचे आहे, आणि फोटोत नेहमी छापाचीच बाजू खाली असते.