बॉयलरचा काटा खाली आला? नुसतं पाणी भरत सुटू नका

दर हिवाळ्यात असा एक तरी फोन येतोच. पुण्याहून नुकतंच इंग्लंडातल्या स्लाउला राहायला आलेलं जोडपं, बाहेर शून्य अंश, घर गारठलेलं आणि बॉयलरच्या पडद्यावर एफ२२ हा बिघाडाचा कोड. "दादा, गॅस गेला का हो?" गॅस कुठेही गेलेला नसतो, खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरच्या पाण्याचा दाब गेलेला असतो. व्हेलंटच्या बॉयलरवर एफ२२, आयडियल लॉजिकवर एफ१, दुखणं तेच. पाणी कसं भरायचं ते मी फोनवर सांगतो, घर तापतं, आणि आठवड्याभरात पुन्हा फोन. हा लेख त्या दुसऱ्या फोनसाठी.

शॉवरची धार आणि गेजचा काटा

ही चूक आपल्या लोकांची अगदी हक्काची. आयुष्य गच्चीवरच्या टाकीखाली गेलेलं, त्यामुळे धार बारीक झाली की दाब वाढवायचा, एवढंच डोक्यात. पण इथल्या कॉम्बी बॉयलरमध्ये दोन वेगवेगळी पाणी असतात. नळाचं पाणी रस्त्याखालच्या लाइनमधून येतं, तापतं आणि वाहून जातं. रेडिएटरमधलं पाणी मात्र बंद पाइपांतून तेच तेच फिरत राहतं. काटा दाखवतो तो या दुसऱ्या पाण्याचा दाब. तो तुम्ही २ बारवर (बार हे दाबाचं माप) नेलात तरी शॉवरला काडीचाही फरक पडणार नाही.

काटा बघायचा तो बॉयलर थंड असताना, सकाळी हीटिंग सुरू व्हायच्या आधी. तेव्हा १ ते १.५ बार असला की झालं. तापल्यावर तो २ च्या आसपास चढतो, कारण पाणी फुगतं. तापलेला काटा बघून "जास्त झालं" म्हणत पाणी काढून टाकणारेही भेटलेत मला.

भरताना होणारी गडबड

बॉयलरखाली बहुतेक ठिकाणी चंदेरी जाळीची एक लवचिक नळी असते, तिला फिलिंग लूप म्हणतात. काही मॉडेलांत तिच्याऐवजी आतच चावी किंवा खटका असतो. बॉयलर बंद करून थंड होऊ द्या. मग नळीच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, पाण्याचा सूं आवाज ऐका, काटा १.२ च्या पुढे गेला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. पूर्ण बंद. मी पहिल्या वर्षी ते "जवळपास" बंद केले होते. सकाळी उठून पाहतो तर काटा ३ वर, भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून टपटप आणि खालच्या फरशीवर बर्फाचा पापुद्रा.

ती नळी सेफ्टी व्हॉल्व्हची. साधारण ३ बारला तो उघडतो आणि पाणी बाहेर टाकतो. काम चोख, पण एकदा उघडला की त्याच्या बैठकीवर कचरा अडकतो आणि मग तो कायमचा गळू लागतो. म्हणजे जास्त पाणी भरून आपणच नवी गळती करून ठेवतो! भरून झाल्यावर फिलिंग लूपची नळी सोडवून ठेवा, नियमही तोच आहे. काटा चुकून अडीचच्या वर गेलाच, तर रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा व्हॉल्व्ह चावीने किंचित सैल करून फडक्यात थोडं पाणी काढा.

याच व्हॉल्व्हमधून ऑक्टोबरात लोक रेडिएटरमधली हवा काढतात आणि काटा बघायचं विसरतात. हवा गेली की दाब उतरणारच. त्यात बिघाड काही नाही.

पाणी जातंय कुठे?

वर्षातून एखाद्या वेळी पाणी घालावं लागलं तर चालतं. दर आठवड्याला लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. दरवेळी ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो, गंजरोधक औषध पातळ होतं, रेडिएटर आतून गंजतात आणि तळाशी काळा गाळ साचतो.

शोध स्वतः घेता येतो. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या नटांभोवती कोरडा टिश्यू फिरवा. हिरवट-पांढरा थर किंवा गंजाचा ओघळ दिसला की समजायचं. बाहेरच्या तांब्याच्या नळीला रात्री सँडविचची पिशवी सैल बांधा, सकाळी त्यात पाणी असेल तर गळती तिथूनच.

काटा थंड असताना १, तापल्यावर थेट ३ आणि निवल्यावर शून्य, असा झोके घेत असेल तर संशय एक्स्पान्शन व्हेसलवर घ्या. त्या डब्यात रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते, फुगलेल्या पाण्याला जागा देण्यासाठी. हवा गेली किंवा पडदा फाटला की पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. लूप सोडवलेला असूनही काटा आपोआप चढत असेल, तर बॉयलरच्या आतला हीट एक्स्चेंजर फुटून नळाचं पाणी रेडिएटरच्या पाण्यात शिरत असण्याची दाट शक्यता. ही दोन्ही कामं तुमची नव्हेत. झाकण उघडायचं ते गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत नोंदणी) असलेल्या माणसानेच. तो येण्याआधी चार दिवस थंड आणि गरम काट्याचे फोटो काढून ठेवा, त्याचा अर्धा तास वाचेल.

भाड्याच्या घरात असाल तर इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार हीटिंगची दुरुस्ती घरमालकाकडे असते. फोनवर बोललात तरी ईमेल कराच.

स्लाउच्या त्या जोडप्याची गळती बेडरूमच्या रेडिएटरखाली निघाली. तिथलं कार्पेट दोन महिने ओलं होतं. वर रोज जीन्स वाळत घालतो, त्याचंच पाणी असणार, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.