पिकअपच्या हौद्यातलं प्लास्टिक लायनर न फाडता कसं काढावं

डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या पिकअपच्या हौद्यात काळ्या, जाड प्लास्टिकचं लायनर बसवलेलं असेल, तर ते वर्षातून एकदा तरी बाहेर काढायलाच हवं. वरून कितीही धुतलं तरी खरी घाण त्याच्या खाली असते. कोल्हापूर भागात ती साधी मातीही नसते. गुळाच्या ढेपांचा पाझर, कॅनमधून सांडलेलं दूध, खताच्या पोत्यांतून गळलेले दाणे, सगळं पावसात विरघळून लायनरच्या कडेनं आत उतरतं. पत्र्याला सगळ्यात वाईट ते खताचं खारट पाणी. शिवाय गाडी चालताना लायनर हलतं आणि मध्ये अडकलेली वाळू पॉलिश पेपरसारखी रंग घासून काढते.

पावसाळा संपला की ऑक्टोबरमधला कडक उन्हाचा दिवस निवडा. गाडी तासभर उन्हात उभी करा. गार प्लास्टिक ताठ असतं, वाकवलं की कोपऱ्यात चिरतं. तापलेलं सहज वळतं. घाई म्हणून हीट गन किंवा गॅसची ज्योत मात्र लावू नका. प्लास्टिक वाकडं होतं आणि पुन्हा नीट बसत नाही.

हाताशी सॉकेट पान्यांचा सेट, टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू खोलायचं टोक), चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, क्लिप काढायची प्लास्टिकची पट्टी, लाकडाच्या दोन पाचरी आणि गंज सैल करायचा स्प्रे ठेवा. दोन माणसं लागतात. वजन फार नसतं, पण आकार अवघड असतो.

आधी लायनरवरून बसवलेलं सामान उतरवा. रोल बार (केबिनमागची नळीची कमान) किंवा कॅनोपीचे (हौद्यावरच्या टपाचे) पाय पुष्कळदा लायनरच्या वरून आवळलेले असतात, ते सोडल्याशिवाय लायनर हलणार नाही. मग दोर बांधायचे हुक काढा. बोल्ट गंजलेला असेल तर स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. जोर लावून डोकं घासलं गेलं की पुढं ड्रिल मारण्यावाचून मार्ग राहत नाही. हौद्यात दिवा किंवा चार्जिंग सॉकेट असेल तर त्याची वायर आधी सोडवा. फाळक्यावरचा तुकडा वेगळा असतो, त्याचे स्क्रू काढून तो बाजूला ठेवा. प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो घ्या आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते.

आता क्लिपा. काठावरच्या क्लिपेच्या मधोमध छोटी पिन असते. ती आधी वर उचलायची आणि मगच पूर्ण क्लिप ओढायची. पिन न उचलता ओढली की पाय तुटतो. तुटलेल्या क्लिपेच्या जागी दुसऱ्या मापाची ठोकू नका. जुना नमुना घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या दुकानांत तशीच शोधा. काठाच्या खालच्या अंगालाही हात फिरवून बघा. तिथं लपलेला एकच स्क्रू राहिला तरी लायनर तिथूनच फाटतं.

सगळं सुटलं की फाळका उघडून दोघांनी मागच्या दोन कोपऱ्यांशी उभं राहा. बाजूच्या भिंतीची वरची कड वितभर आत ओढा, म्हणजे ती काठाखालून सुटते. तसंच हळूहळू केबिनपर्यंत जा. नंतर सरळ मागं खेचू नका. चाकावरच्या फुगवट्यांत लायनर अडकतं, म्हणून केबिनकडची बाजू आधी फुगवट्यांच्या वर उचला आणि तशी तिरकी धरूनच मागं घ्या. ओल्या चिखलानं तळ चिकटला असेल तर कोपऱ्यात लाकडी पाचर सरकवून हवा आत जाऊ द्या. लोखंडी पहार घातली तर रंग सोलवटलाच समजा.

खाली बहुतेक वेळा काळपट चिखलाचा थर दिसेल, आणि लायनरच्या पन्हळी टेकतात नेमक्या तिथं तांबूस रेघा. थर लाकडी पट्टीनं खरवडा, हौदा साबणाच्या पाण्यानं धुवा आणि पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा. ती तुंबलेली असतात म्हणूनच पाणी साचतं. दिवसभर वाळू द्या. वरवरचा गंज १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासा, मग इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग. स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकल्यावर पत्रा दबला किंवा पापुद्रे निघाले तर ते काम डेंटिंगवाल्याचं आहे, त्यावर नुसता रंग फासू नका.

लायनर परत बसवायचं असेल तर त्याची खालची बाजूही धुऊन कोरडी करा. आवाज येऊ नये म्हणून खाली गोणपाट किंवा कार्पेट घालतात, ते ओल धरून ठेवतं. त्याऐवजी भोकं सोडून रबराच्या पट्ट्या चिकटवा. बोल्टांना थोडं ग्रीस लावा. लायनर बसवायचं नसेल तर उरलेली स्क्रूची भोकं रबरी बुचानं बंद करा.

लायनर असलेल्या हौद्यात पेट्रोलचा कॅन ठेवून पंपावर तो तिथंच भरू नका. प्लास्टिकमुळं कॅनवर साचलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही आणि तिच्या ठिणगीनं वाफ पेटू शकते. कॅन खाली जमिनीवर ठेवून, नळी कॅनच्या तोंडाला टेकवूनच भरा.