भरलेली टाकी, रिकामी टाकी आणि रेस कारची राइड हाइट

रेस कारची जमिनीपासूनची उंची, म्हणजेच राइड हाइट, बसवण्यापूर्वी ती टाकीत किती इंधन असताना बसवायची हे ठरवावे लागते.

एक लिटर पेट्रोल साधारण ०.७५ किलो भरते, म्हणजे ४० लिटर इंधनाचे ३० किलो झाले. टाकी मागच्या आसाच्या थोडी पुढे असून दोन-तृतीयांश भार मागे पडत असेल, तर मागच्या प्रत्येक चाकावर १० किलो येतात. चाक १ मिलिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग ०.८ मिलिमीटर दबत असेल, तर ४० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकापाशी ४० × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे २५ न्यूटन प्रति मिलिमीटर एवढाच ताठपणा देते. या हिशेबाने भरलेल्या टाकीने गाडीची मागची बाजू सुमारे ४ मिलिमीटर बसते. पुढेही तशाच स्प्रिंग असतील तर पुढची बाजू २ मिलिमीटर. फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या अभियांत्रिकी स्पर्धेसाठी बांधतात त्या गाडीत मोजकेच लिटर इंधन असल्याने हा फरक नगण्य ठरतो, पण लांब शर्यतीच्या गाडीत तो सोडून चालत नाही.

म्हणून उंची अर्ध्या टाकीवर बसवावी आणि मग दोन्ही टोके तपासावीत. टाकी भरलेली असताना तळ घासत नाही ना आणि नियमातील किमान उंची राहते ना, हे पाहावे; किमान वजनाची कसोटी मात्र टाकी रिकामी होत आल्यावर लागते.

टाकीकडेही आधी लक्ष द्यावे. टाकीत इंधन धरणाऱ्या, एफआयए (मोटर शर्यतींची जागतिक संघटना)-मान्य रबरी पिशवीची मुदत उत्पादनापासून ५ वर्षे असते आणि उत्पादकाने तपासून दिल्यास ती २ वर्षांनी वाढते. पिशवीतील फोम भुगा होऊ लागला असेल तर तो बदलावा, नाहीतर फिल्टर तुंबतो. इंधन भरताना गाडी अर्थिंगला जोडलेली आणि अग्निशामक हाताशी असावा.

मोजण्यासाठी गाडी सपाट, समतल जमिनीवर घ्यावी, टायरमधील हवा ठरलेल्या दाबावर आणावी, अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारा दांडा) सोडवावा आणि चालकाला, किंवा त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्यांना, आसनावर बसवावे. गाडी थोडी मागे-पुढे ढकलून सस्पेन्शन स्थिर झाल्यावरच चासीवरील ठरावीक बिंदूंपासून मोजावे. बॉडीच्या कडेवरून घेतलेले माप फसवे असते. स्प्रिंगखालची कॉलर, म्हणजे उंची कमी-जास्त करणारी आट्यांची कडी, दोन्ही बाजूंना सारखीच फिरवावी, कारण एकाच कोपऱ्याची कॉलर वर चढवली की त्या चाकावरचा आणि कर्णातील समोरच्या चाकावरचाही भार वाढतो. तो चार वजनकाट्यांवर पाहून, उंची पक्की झाल्यानंतर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असणे) पुन्हा मोजावेत. अँटी-रोल बार सर्वांत शेवटी, चालक आसनावर असतानाच, ताण न येता जोडावा.